एकट्याचा पूल-मेंटेनन्सचा धंदा : गणपतीत पाच दिवस रजा कशी काढावी?

गुहागरी

नमस्कार मंडळी.

मी लोणावळ्यात स्विमिंग पूलच्या मेंटेनन्सचं काम करतो. तुंगार्ली, वळवण, कुणेगाव आणि खंडाळ्याकडचे मिळून वीसेक बंगल्यांचे पूल माझ्याकडे आहेत. हाताखाली कुणी नाही. जाळी मारणं, ब्रश, व्हॅक्यूम, बॅकवॉश (फिल्टर उलट्या पाण्याने धुणं), केमिकल, मोटर जळाली तर ती उतरवून रिवाइंडिंगला नेणं, महिन्याची बिलं करणं, सगळं मीच.

प्रश्न रजेचा आहे. घर गुहागरकडे, गणपती पाच दिवसांचा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी लांबली, ती १४ सप्टेंबरला आहे आणि तो सोमवार आहे. शनिवार-रविवार-सोमवार सलग मिळाले की लोणावळ्यातला एकही बंगला रिकामा राहत नाही. ज्या आठवड्यात मला गावी असायला हवं, नेमक्या त्याच आठवड्यात पूल माणसांनी भरलेले असणार.

धंदा सुरू केल्यापासून दरवर्षी दीड दिवसात परत फिरतोय. वडील आता थकले आहेत. यंदा पूजेला तू बस, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. मला पाचही दिवस हवे आहेत आणि त्यात फोनवर पंपरूम सांभाळायची नाही. एकट्याने धंदा करणाऱ्यालाही रजा हवी आणि ती मालकांनी मान्य करायला हवी, हे माझं ठाम मत आहे.

मालकांशी कसं बोलावं? पैसे कापून द्यावेत का? बदली माणूस कुठून आणावा? पाणी किती दिवस टिकतं याचे इतरांचे अनुभव काय? पूलचं काम न करणाऱ्यांनीही लिहा.

सायलीचावेल

पूलमधलं मला काही कळत नाही. पण वडिलांनी पूजेला बस म्हटलंय ना, मग जायलाच हवं. जाणकार येतीलच. धागा वाचतेय.

कर्जतकर६६

मी कर्जत-नेरळ भागात हेच काम करतो. सरळ सांगतो, पोरगा ठेवा. मी दोन ठेवलेत. वीस पूल एकट्याने करणं म्हणजे ताप आला तरी गोळी खाऊन पाण्यात उतरणं. सीझनआधी दोन महिने सोबत फिरवला की ब्रश-व्हॅक्यूम शिकतो. केमिकल तुमच्या हातात ठेवा.

सह्यकडा

कर्जतकर, पोरगा ठेवायला खर्च किती येतो तेही लिहा. पगार बारा महिने द्यावा लागतो, पूल बारा महिने सारखे चालत नाहीत. माझ्या चुलतभावाने पोरगा शिकवला, दोन सीझन झाल्यावर त्याने थेट मालकांशी बोलून निम्मे बंगले स्वतःकडे घेतले, तेही कमी दरात.

कर्जतकर६६

@सह्यकडा, तो धोका आहेच. पण शिकलेल्या पोराला कायम दुसऱ्याच्या बाईकमागे बसवून ठेवलं तर तो जाणारच. मी माझ्या मोठ्या पोराला तीन पूल त्याच्या नावावर करून दिले, उरलेले माझ्यासोबत करतो. टिकलाय.

पेरियॉडिक_टेबल

मी रसायनशास्त्र शिकवते आणि आमच्या सोसायटीच्या पूलची जबाबदारी गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. मूळ प्रश्नातल्या पाण्याच्या भागाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

बंगल्याचा पूल साधारण वीस फूट बाय दहा फूट, चार फूट खोल धरला तर त्यात २२-२३ हजार लिटर पाणी असतं. २०० ग्रॅमची टीसीसीएची (हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनची) गोळी ९० टक्क्यांची असते. ती पूर्ण विरघळली की या पाण्यात सुमारे ८ पीपीएम (दहा लाख भागांत आठ भाग) क्लोरीन जातं. विरघळायला चार-पाच दिवस लागले तर रोजचं दीड-दोन पीपीएम झालं. पूलमध्ये कुणी उतरत नसेल, आभाळ भरलेलं असेल आणि पंप रोज आठ तास चालत असेल, तर एवढं क्लोरीन पुरतं. म्हणजे रिकाम्या पूलचं पाणी पाच दिवस नक्की राहतं.

पंधरा माणसं दिवसभर डुंबत असतील तर हा हिशोब कोसळतो. अंगावरचं तेल, घाम, सनस्क्रीन, त्यात सांडलेली बिअर. सकाळी २ पीपीएम असलेलं फ्री क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला मोकळं उरलेलं, संध्याकाळी शून्यावर येऊ शकतं. तिथे रोज माणूस लागतो, त्याला पर्याय नाही.

पावसाबद्दल: १०० मिमी पाऊस थेट पूलमध्ये पडला तर चार फूट पाण्यात तो जेमतेम बाराव्या हिश्श्याएवढा असतो. त्याने क्लोरीन थोडं पातळ होतं, क्षारता जराशी उतरते. खरा घात करतं ते लॉनवरून वाहून येणारं पाणी. त्यातून माती, पालापाचोळा आणि खतातलं फॉस्फेट येतं आणि दोन दिवसांत भिंती हिरव्या होतात. जाण्यापूर्वी पूलच्या कडेचे ड्रेन साफ करा, लॉनचं पाणी वळवा. गोळ्या वाढवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

जाताना पीएच ७.२ ते ७.४ ठेवा. पीएच ८ च्या पुढे गेलं की क्लोरीन पाण्यात असूनही त्याचा जंतू मारणारा अंश एक चतुर्थांशाखाली येतो. किट पिवळा रंग दाखवतं, पण पाणी सुरक्षित नसतं.

झोळी

एवढं कशाला? स्किमरमध्ये (पूलच्या भिंतीतलं कचरा ओढणारं तोंड) चार-पाच गोळ्या आणि वर किलोभर ब्लीचिंग पावडर टाकून निघून जा. आमच्या फार्महाऊसवर माळी हेच करायचा.

पेरियॉडिक_टेबल

झोळी, कृपा करून हे कुणी करू नका. टीसीसीए आणि ब्लीचिंग पावडरसारखं कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र ओलं झालं तर आग लागते, स्फोट होतो. एकाचं मोजमाप दुसऱ्यात बुडवायचंसुद्धा नाही. शिवाय पंप बंद असताना स्किमरमध्ये गोळ्या पडून राहिल्या की तिथलं पाणी कमालीचं आम्लधर्मी होतं आणि पंप सुरू झाला की तेच हीटर-पाइपातून फिरतं. आणखी एक, प्रत्येक गोळीबरोबर सायन्युरिक ॲसिड पाण्यात साठत जातं. ३० ते ५० पीपीएमपर्यंत ते उन्हापासून क्लोरीन वाचवतं. फार वाढलं की तेच क्लोरीनला जखडून ठेवतं आणि पाणी बदलण्यावाचून उपाय राहत नाही.

झोळी

बापरे. माळ्याला आत्ताच फोन केला. धन्यवाद ताई.

व्हिलावाली

मी मालकाच्या बाजूने लिहिते. कार्ल्याजवळ आमचा बंगला आहे, भाड्याने देतो.

पूलवाल्याने रजा घेण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. गेस्टने रात्री नऊला हिरव्या पाण्याचा फोटो पाठवल्यावर पूलवाला गावी असल्याचं कळतं, तेव्हा राग येतो. मला तीन गोष्टी आधी हव्यात: तारखा, बदली माणसाचं नाव, आणि काय बिघडलं तर पूल बंद ठेवायचा हे ठरलेलं. गणपतीची तारीख तर वर्षभर आधी कॅलेंडरवर असते. जूनमध्ये मेसेज करा. मी पाच दिवसांतला एक दिवस बुकिंग बंद ठेवायलाही तयार होईन.

पैसे? मी कापणार नाही. वर्षभर जो माणूस भर पावसात येतो त्याच्या चार दिवसांचे पैसे कापणं मला पटत नाही.

डोंगरमाथा

मीही मालक आहे आणि माझं मत वेगळं आहे. सेवा मिळाली नाही तर पैसे का द्यावेत? मी सिक्युरिटी एजन्सीलाही गैरहजेरीचे पैसे देत नाही. बदली माणूस दिला तर पूर्ण पैसे, नाही दिला तर कपात. हिशोब साफ ठेवला की संबंध चांगले राहतात.

वहीखाते

दोघांचंही बरोबर आहे, कारण दोघं वेगवेगळ्या करारांबद्दल बोलत आहेत. छोट्या व्यावसायिकांचे हिशेब बघणं हे माझं रोजचं काम, म्हणून लिहितो.

गुहागरी, तुमचा दर महिन्याचा आहे की भेटीचा? महिन्याचा असेल आणि कागदावर काहीच नसेल, तर मालक धरून चालतो की ३६५ दिवसांचे पैसे दिलेत.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाकडे बघा. तो लागू होतो तिथल्या कामगाराला आठवड्याची सुट्टी, आठ दिवस किरकोळ रजा, सणाच्या आठ भरपगारी सुट्ट्या आणि वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते, म्हणजे किमान बारा. बेरीज केली तर ५२ आणि २८, एकूण ८० दिवस. हा कायदा तुम्हाला लागू नाही, पण स्वतःचा दर ठरवताना हीच मोजपट्टी लावा. समजा तुम्हाला वर्षाला खर्च जाऊन ६ लाख हवेत. ३६५ ने भागलं तर दिवसाला सुमारे १,६४४ रुपये. २८५ ने भागलं तर २,१०५. हा दुसरा आकडा तुमचा खरा दर. पहिला धरून काम घेतलं असेल तर तुमची प्रत्येक रजा तुमच्याच खिशातून जाते, आणि म्हणूनच ती कधी घेतली जात नाही.

सायलीचावेल

वहीखाते, हे तर माझ्या शिवणकामालाही लागू आहे. वाचनखूण साठवली.

अ‍ॅरिझोनातला_कोल्हापूरकर

वहीखाते यांच्या मुद्द्याला जोडून. मी फिनिक्समध्ये राहतो, घरी पूल आहे. आमच्याकडे येणारा पूलवाला एकटाच आहे, पिकअप घेऊन दिवसभर फिरतो. इथे उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या वर जातो, त्यामुळे आठवडा चुकला की पाणी हिरवं. तरी तो माणूस दरवर्षी सुट्टीवर जातो. त्याच्या करारात बारा महिने सारखी रक्कम आहे, आणि थँक्सगिव्हिंगच्या व नाताळच्या आठवड्यात तो येणार नाही हे पहिल्याच पानावर लिहिलंय. थंडीत पाणी टिकतं म्हणून त्याने तेच आठवडे निवडलेत.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. इथे इंडिपेंडंट पूल अँड स्पा सर्व्हिस असोसिएशन नावाची एकट्या पूलवाल्यांची संघटना आहे, सगळे तिला ‘इप्सा’ म्हणतात. सभासद आजारी पडला किंवा जखमी झाला तर त्याच्या शाखेतले बाकीचे सभासद त्याचे पूल वाटून घेतात आणि ग्राहक त्याचेच राहतात. ही सोय आजारपणासाठी आहे, सहलीसाठी नाही. पण स्पर्धक एकमेकांचे पूल सांभाळू शकतात, हे तिथे वर्षानुवर्षं चाललंय.

सह्यकडा

लोणावळ्यात हे चालेल? इथे पाचशे रुपयांच्या फरकासाठी लोक पूल ओढतात.

गुरांचीडॉक्टर

चालतं. मी सातारा जिल्ह्यात जनावरांची डॉक्टर आहे, एकटीच. शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरांशी माझं ठरलेलं आहे. मी नसेन तर माझे फोन त्यांच्याकडे, ते नसतील तर त्यांचे माझ्याकडे. नियम एकच: बदलीवर असताना शेतकऱ्याला स्वतःचा नंबर द्यायचा नाही, आणि केलेलं काम त्याच रात्री दुसऱ्याला लिहून कळवायचं. गाय विताना अडली तर ती आमच्या रजेची वाट बघत नाही, त्यामुळे विश्वास ठेवण्यावाचून दोघांनाही गत्यंतर नव्हतं. सुरुवात एका रविवारापासून करा. थेट पाच दिवसांपासून नको.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे चवथीला मालकच विचारतात, ‘तू चवथीला घरी ना?’ बदली मिळतच नाही, कारण सगळेच घरी असतात. माटोळीला, म्हणजे गणपतीवरच्या मांडवीला, फळं-रानफळं बांधायला घरातला प्रत्येक हात लागतो. म्हणून जाण्याच्या आदल्या दिवशी पाणी तयार करतो आणि गेस्ट असतील तिथे मालक पूल बंद ठेवतात. शिवाय आमचा सीझन ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात कामाचा जोर कमी असतो, तेव्हा मी मोठी रजा काढतो. लोणावळ्याचं उलटं, तिथे पावसातच गर्दी.

मांजरबोका

गुहागरी, उकडीचे मोदक पाठवणार असाल तर खंडाळ्याचे दोन पूल मी करतो. पोहायला येतं.

आजोबा_डोंबिवली

पितृपक्षाचा विचार का करत नाही? २०२६ मध्ये तो ११ ऑक्टोबरच्या नवरात्राच्या आधी संपतो. लग्नं नाहीत, साखरपुडे नाहीत, समारंभ कुणी ठेवत नाही. पाऊसही ओसरलेला असतो. दहा दिवस निवांत जा.

गुहागरी

आजोबा, पितृपक्षात खरंच काम हलकं असतं. बायको-मुलांना फिरायला न्यायला तोच काळ धरेन. पण गणपती पितृपक्षात नेता येत नाही ना.

दोन-तीन जणांनी व्यक्तिगत निरोपात विचारलंय म्हणून सांगतो: दर महिन्याचा आहे, कागद फक्त निम्म्या बंगल्यांशी आहे, आणि त्यात रजेचा उल्लेख कुठेच नाही.

वहीखाते

मग पुढच्या नूतनीकरणाला ‘महिना’ काढून ‘वर्षाला इतक्या भेटी’ लिहा, आणि गणपतीचे पाच दिवस नाव घालून लिहा. यंदापुरतं डोंगरमाथा म्हणतात तसं करा: बदली दिली तर पूर्ण पैसे.

पूर्वीचाप्लंबर

एक मुद्दा सुटतोय. रजा म्हणजे फक्त सण नव्हे. पंपरूममध्ये पाय घसरून मनगट मोडलं तर? माझं मोडलं होतं, आणि ते महिने घरच्यांना फार जड गेले. अपघाताचा विमा काढा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचं संरक्षण आहे, वय १८ ते ७०. बँकेत अर्ज करायचा. पण त्यातून बुडालेली मजुरी मिळत नाही, त्यासाठी वेगळी पुंजी हवी. आज बदली माणूस शोधाल तोच त्या वेळी उपयोगी पडेल.

पवनाकाठ

गुहागरी दादा, मी पवना धरणाच्या बाजूला बारा-पंधरा पूल करतो. मीही एकटाच.

आधी तारखा नीट बघू. सोमवारी चतुर्थी, म्हणजे गेस्ट शुक्रवारी रात्री येणार आणि सोमवारी दुपारी किंवा मंगळवारी सकाळी जाणार. मंगळवार ते शुक्रवार बंगले जवळपास रिकामे. शनिवारी तुम्ही परत. मग तुमची अडचण पाच दिवसांची नाहीच. रविवार, सोमवार आणि मंगळवारची सफाई, एवढीच आहे. पुढचे दिवस वर ताईंनी सांगितलंय तसं रिकामं पाणी आपोआप राहील, पंप चालला की झालं.

ते तीन दिवस मी देतो. आमचा गणपती दीड दिवसाचा, भाऊ घरी आहे. पहाटे माझे पूल करून नऊपर्यंत तुंगार्लीत येतो. मोबदल्यात मला भातकापणीला माणूस हवाय. दिवाळीच्या आसपास इंद्रायणी भात कापायला येतो, तेव्हा चार दिवस मला शेतातून हलता येत नाही. ते चार दिवस तुम्ही पवनेला या.

गुरांचीडॉक्टर

पवनाकाठ, किती छान मांडलंत!

व्हिलावाली

हेच मालकांना सांगा, शब्दशः. मला असा मेसेज आला तर मी एकही प्रश्न विचारणार नाही.

कर्जतकर६६

केअरटेकरला काय द्यायचं आणि काय नाही, ते आत्ताच ठरवा. माझ्याकडचं सांगतो. जाळी, स्किमरची बास्केट, पाण्याची पातळी स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर, आणि सकाळी प्रेशर गेजचा फोटो, एवढं केअरटेकरचं. ॲसिडला हात नाही. ॲसिडचा कॅन आणि क्लोरीन एका खोलीत ठेवायचे नाहीत. मल्टिपोर्टचा (फिल्टरवरच्या व्हॉल्व्हचा) दांडाही त्याने फिरवायचा नाही. चालू मोटरवर फिरवला की आतला गॅस्केट गेला. आणि लाईट गेली की जुना टायमर तेवढा मागे पडतो, लोणावळ्यात तर लाईट जातेच. रोज संध्याकाळी टायमर घड्याळाशी जुळवायला सांगा.

पेरियॉडिक_टेबल

कर्जतकरांच्या यादीत एक भर, आणि ही सगळ्यांत महत्त्वाची. उभं राहून तळाचा ड्रेन स्पष्ट दिसत नसेल तर पूल बंद, गेस्ट कितीही भांडले तरी. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल वरून दिसत नाही. हा अधिकार केअरटेकरला मालकाने लेखी द्यावा, नाहीतर गेस्टपुढे त्याचं काही चालत नाही.

क्लोरीन बघायचं किट डीपीडीचं ठेवा. पिवळ्या रंगाचं ओटीओ एकूण क्लोरीन दाखवतं. फ्री किती उरलंय ते त्यात कळत नाही. गर्दीच्या दिवशी नेमकं तेच कळायला हवं.

डोंगरमाथा

ड्रेनचा नियम मी आमच्या बंगल्यावर आजच लावून घेतो. आणि वरचा सगळा धागा वाचून सांगतो: अशी बदली मिळत असेल तर माझ्याकडून पैसे कापले जाणार नाहीत.

सह्यकडा

अवांतर : गुहागरला कसे जाणार? चतुर्थीच्या आदल्या दिवशी ताम्हिणीने माणगावला उतरू नका, महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागलेली असते. कराड-पाटण-कुंभार्ली घाट-चिपळूण असे जा. लांब पडतं, पण अडकत नाही.

गुहागरी

सगळ्यांचे मनापासून आभार. पवनाकाठ, तुम्हाला निरोपात नंबर पाठवलाय. ठरवलं ते लिहितो, म्हणजे कुणाला काही खटकलं तर सांगता येईल.

मालकांना जूनच्या पहिल्या आठवड्यात मेसेज जाईल: तारखा, पवनाकाठ यांचं नाव, तळाचा ड्रेन न दिसल्यास पूल बंद. डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे जुलैत एक रविवार आम्ही पूल बदलून करून बघू, माझे त्यांनी, त्यांचे मी. शनिवारी रात्रीपर्यंत सगळीकडे पीएच आणि लॉनचे ड्रेन बघून रविवारी पहाटे कुंभार्लीमार्गे निघेन. तीन दिवसांचे भेटीनुसार पैसे पवनाकाठ यांना मीच देईन. भातकापणीला माझे पैसे ते देतील, म्हणजे कुणाचे पूल जास्त कुणाचे कमी हा प्रश्न येणार नाही.

राहिला एक बंगला. तिथल्या मालकांनी आधीच सांगितलंय की दुसरा माणूस आत येऊ देणार नाही. तिथे काय करावं?

व्हिलावाली

त्यांना विचारा, सोमवारी गेस्ट आहेत का. नसतील तर प्रश्नच नाही. असतील तर दोनच पर्याय द्या: पवनाकाठ किंवा पूल बंद. तिसरा पर्याय, म्हणजे तुम्ही गुहागरहून परत येणं, हा तुम्ही स्वतःहून देऊ नका.

पवनाकाठ

नंबर मिळाला. जुलैचा दुसरा रविवार धरू, त्या दिवशी मी मोकळा आहे. बंगल्यांच्या गेटची आणि पंपरूमच्या चाव्यांची यादी तेवढी करून ठेवा. आणि कापणीला येताना गमबूट आणा, बांधावरून यावं लागतं.